वापरणाऱ्याची सही

॥ श्री ॥

नाशिक,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. उज्वलाअक्कास,
योगेशचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. सविता मजेत आहे. आरोहीचे बारावीचे क्लास सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. त्र्यंबक रोड पुन्हा खणलाय, पण तो न खणलेला असला तरच पत्रात कळवायची गोष्ट होईल.

फोनच करणार होतो, पण अण्णांचा कायदा आठवला. तीस वर्षं सायकलवरून घोटीच्या वाड्यापाड्यांना टपाल वाटलेल्या माणसाने घरात एकच नियम केला होता: वादाचा विषय तोंडाने बोलायचा नाही, कागदावर मांडायचा. पाकीट पोचेपर्यंत निम्मा राग उतरतो आणि उरलेल्या निम्म्यात काहीतरी अर्थ असतो. माझा विषय वादाचा आहे, म्हणून पाकीट.

विषय चाकांचा. ३० नोव्हेंबरला जिल्ह्याची निवड चाचणी आहे. त्र्यंबकेश्वरहून निघायचं, जव्हारच्या रस्त्याला लागणारा घाट उतरायचा, खालून वळायचं आणि तोच घाट चढून परत यायचं. पहिल्या चार मुली राज्य स्पर्धेला जातील. अठराखालच्या गटात आरोहीचं हे शेवटचं वर्ष. घाट तोच आहे, गेल्या डिसेंबरात ती जिथे पडली आणि खांद्याचं हाड मोडलं तो.

जुनी सायकल मी तेव्हाच काढून टाकली. आताची डिस्क ब्रेकची आहे, उत्तम आहे, पण तिची ॲल्युमिनियमची चाकं जड होती. कार्बनची घ्यायची आहेत, मधल्या भावातली. स्वस्तात एकदा हात पोळलेत आणि महागाला हात पोचत नाही. सत्तर हजारांच्या आसपासच्या अकरा जोड्या मी निवडल्यात. तक्ता सोबत जोडलाय: वजन, रिंगेची उंची, आतली रुंदी, आरे किती, बेअरिंग कुठलं, तडा गेल्यास बदलून देतात का. आमच्या सातपूरच्या कारखान्यात आलेला माल तपासताना मी भरतो तोच नमुना आहे. खाली दोन चौकटी दिसतील, तपासणाऱ्याची सही आणि वापरणाऱ्याची सही. त्या दोन सह्यांशिवाय आमच्याकडे साधा वॉशरही आत जात नाही.

जुनी चाकं मी गेल्या आठवड्यात विकली. आरोहीच्या मैत्रिणीच्या, रोशनीच्या वडिलांनी बरा भाव दिला. टायर-ट्यूब तशाच देऊन टाकल्या.

तर तक्ता बघून तुझं मत कळव. घाई नाही, पण लवकर कळव. दाजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो चाकांच्या विषयापर्यंत ताणता आला तर बघ.

तुझा,
योगेश


॥ श्री ॥

घोटी,
२१ सप्टेंबर २०२५

चि. योगेश यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट पोचलं. इतकं जाड होतं की दाजींना वाटलं कुणाची तरी लग्नपत्रिका आली. उघडून चौकटी बघितल्या आणि ते मुकाट्याने खळ्याकडे निघून गेले. मला कुठे जाता येत नव्हतं, म्हणून मी वाचलं.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. चौथीच्या पोरांना अपूर्णांक समजावताना माझं डोकं जेवढं फिरलं नाही तेवढं तुझ्या तक्त्याने फिरवलं. रिंग पस्तीस मिलिमीटर उंच असावी की पन्नास, हे तू भाताच्या गावात राहणाऱ्या, पासष्टीला टेकलेल्या बाईला विचारतोस? मी चाक गोल आहे की नाही एवढं सांगू शकते. अकराही गोल असावीत असा माझा अंदाज आहे.

नवी चाकं जुन्यांपेक्षा चारशे ग्रॅमने हलकी, असं लिहिलंयस. चारशे ग्रॅम म्हणजे आमच्याकडचा एका वेळचा भात. तेवढ्यासाठी सत्तर हजार! त्यात इथे दुभती म्हैस येते, आणि ती कुणाला तक्ता भरायला लावत नाही. पण ते जाऊ दे. पैसा तुझा, पोर तुझी, आणि पोरीच्या अंगात गुण आहे हे मलाही दिसतं.

मला कळत नाही ते वेगळंच. नवी चाकं ठरायच्या आधी जुनी विकायची अक्कल तुला कुणी दिली? आणि विकली ती कुणाला, तर रोशनीच्या बापाला! ही रोशनी म्हणजे तीच ना, जी याच चाचणीत आरोहीच्या बरोबरीने उतरणार आहे? वर टायर-ट्यूब फुकट. हवा तरी भरून दिलीस का, की तेवढी विसरलास? आता ती पोर चाचणीची तयारी कशावर करणार, पाटावर बसून?

आणखी एक. तुझ्या पत्रात आरोहीचं नाव तीन वेळा आलं, तिचं म्हणणं एकदाही आलं नाही. बसणार ती आहे. तिला विचार आणि मला कळव.

नवे तांदूळ निघायला अजून वेळ आहे. निघाले की पाठवते. तोवर डोकं शांत ठेव, ही थोरल्या बहिणीची विनंती समज, हुकूम समजलास तरी चालेल.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

नाशिक,
५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण अकराच्या आता चौदा जोड्या झाल्या आहेत.

तू हसशील, पण प्रश्न सोपा नाही. उंच रिंग सपाटीवर वेग देते, पण घाटात आडवा वारा आला की तीच शिडासारखी ओढते. बुटकी रिंग वाऱ्यात सरळ राहते, पण सपाटीवर मिनिटभर मागे पाडते. काही रिंगांना टायरची कड धरणारी आतली खाच नसते. त्या हलक्या पडतात, पण त्यांना मोजकेच टायर चालतात आणि हवा एका मर्यादेपलीकडे भरता येत नाही. एका जोडीचं सगळं जमलं होतं, पण पाय थांबवले की तिचा हब, चाकाचा मधला तुंबा, इतका कडकडतो की पुढची म्हैस बुजेल. म्हशीचा विषय तू काढलास म्हणून लिहिलं.

गेल्या शनिवारी ललितशेठच्या सायकलच्या दुकानात घरचा वजनकाटा घेऊन गेलो. पस्तीसच्या एका जोडीवर चौदाशे ऐंशी ग्रॅम छापलं होतं. काट्यावर पंधराशे तीन भरले. तेवीस ग्रॅम जास्त. मी ती नाकारली. जो वजनात खोटं बोलतो तो मजबुतीत खरं कशावरून बोलेल? ललितशेठने शांतपणे विचारलं की मी भाजीही अशीच घेतो का. हा माणूस पूर्वी मला चहा पाजायचा. हल्ली पाजत नाही.

दसऱ्याला सविताने सगळ्या गाड्यांची पूजा केली. आरोहीची सायकल चाकांशिवाय भिंतीला टांगलेली आहे. सविताने तिच्या नुसत्या फोर्कला, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि हातात लिंबू धरून मला विचारलं की हे कशाखाली ठेवायचं. तो एक प्रश्न मला तुझ्या चार पानांइतका लागला.

आरोहीला विचार म्हणालीस. तिचं बारावीचं वर्ष आहे, तिच्या डोक्याला हा ताण कशाला? ती लहान आहे. चाचणीचा अर्ज माझ्याकडे आहे. त्यावर पालकाची सही लागते, मुदत २० नोव्हेंबरची. आधी चाकं ठरू देत, मग सही. घाईत एकदा जे झालं ते पुन्हा नको.

सुधारित तक्ता सोबत आहे. निदान शेवटच्या पाचांवर तरी नजर टाक. रागावलीस तरी पत्र पाठव. तुझ्या गप्प बसण्याची मला जास्त धास्ती आहे.

तुझा,
योगेश


नाशिक,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. उज्वलाआत्यास,
आरोहीचा सा. न.

तू म्हणतेस म्हणून पेनने लिहितेय. अक्षराला हसू नकोस आणि लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नकोस, मागच्या वेळेसारखं.

एक गोष्ट फक्त तुलाच सांगते. मी प्रॅक्टिस करतेय. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पप्पांची पहिली शिफ्ट असते, ते सव्वासहाला निघतात. ते गेले की मी सायकल भिंतीवरून उतरवते. रोशनी खाली चाकं घेऊन उभी असते. माझीच चाकं, आत्या! मी ती तिच्याकडून मागून घेते, त्र्यंबकपर्यंत जाऊन येते आणि पुसून परत देते. उरलेले दिवस तिचे. तिचे पप्पा विचारत होते की चाकं त्यांनी चालवायला घेतलीत की भाड्याने द्यायला. पण ओरडले नाहीत. परत टांगताना मी मम्मीची झेंडूची माळसुद्धा होती तशी लावते. ती आता पार वाळलीय. मम्मीला सगळं माहीत आहे. ती फक्त मागचं दार उघडं ठेवते.

पप्पांचं काय करू ते सांग. आधी आम्ही सायकलवरून जेवताना भांडायचो, इतकं की मम्मी ताट घेऊन हॉलमध्ये जायची. मी पडल्यापासून ते माझ्याशी सायकलबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ललितकाकांना विचारतात, ग्रुपवरच्या अनोळखी लोकांना विचारतात, तुला विचारतात, कंपनीतल्या साहेबांना विचारतात. मी समोर बसलेली असते. काल त्यांनी दूधवाल्या गोटीरामकाकांना विचारलं की घाटात वारा कुठून येतो. गोटीरामकाका गंगापूर गावाच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत.

मला भीती वाटते का, एवढं तरी त्यांनी एकदा विचारायला हवं होतं. वाटते. पण ती माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघतेय. पप्पांच्या भीतीचं मी काय करणार?

चाकं आली नाहीत तर ते अर्जावर सही करणार नाहीत, आणि चाकं येतील असं मला वाटत नाही, कारण यादी वाढतच चाललीय. पुढच्या वर्षी मी मोठ्या बायकांच्या गटात जाईन, तिथे मला कोण विचारतंय. भाऊबीजेला येशील तेव्हा काहीतरी कर. तू ओरडलीस की ते ऐकतात.

तुझी लाडकी (हे मी म्हणतेय, तू पण म्हण),
आरोही


॥ श्री ॥

घोटी,
२७ ऑक्टोबर २०२५

योगेश यास,
आशीर्वाद. त्यातले ‘अनेक’ आणि ‘उत्तम’ मी तूर्त हातचे राखून ठेवलेत.

भाऊबीज झाली. मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी ठेवलीस, रंगही छान होता. आणि साडीखाली तक्ता ठेवलास! एकोणीस जोड्या! बहिणीच्या ओवाळणीत चाकांची यादी घालणारा भाऊ साऱ्या तालुक्यात शोधून सापडायचा नाही. आरतीच्या ताटासमोर मी बोलले नाही, कारण सणाचा दिवस होता आणि तुझी बायको समोर होती. आता बोलते.

तू चहा सांगायला आत गेलास आणि जाताना ती जाडजूड फाइल माझ्या मांडीवर ठेवून गेलास, एकदा डोळ्यांखालून घाल म्हणून. मी घातली. अगदी मागच्या कप्प्यापर्यंत. तिथे गेल्या वर्षीचा कागद होता, आरोही पडली त्या चाकांचा. पुण्याच्या कुणा गृहस्थाकडून तू जुनी घेतली होतीस ती. त्यावर तपासणाऱ्याची सही तुझी आहे. शेऱ्यात ‘ठीक’ लिहिलंय. आणि वापरणाऱ्याच्या चौकटीत ‘आरोही’ लिहिलंय.

बाळा, तुला मी बाराखडी गिरवून घेतली. तुझा ‘ह’ कसा पोट काढून बसतो ते मला ठाऊक आहे. एकतीस वर्षांत बापाच्या खोट्या सह्या ठोकलेली प्रगतिपुस्तकं मी ढिगाने पकडली. पोरीची खोटी सही करणारा बाप मात्र मी पहिल्यांदा पाहिला.

मी कागद होता तिथे ठेवला, चहा प्यायले आणि घरी आले. मोटारीत दाजींनी दोनदा विचारलं की काय झालं. मी सांगितलं, साडी आवडली.

आता मला एकोणीस जोड्यांबद्दल एक अक्षर नको. त्या एका कागदाबद्दल लिही. नाही लिहिलंस तर मी तिथे येऊन तोंडाने विचारीन, अण्णांचा कायदा मोडून, सगळ्यांसमोर.

वाट बघते.
अक्का


॥ श्री ॥

नाशिक,
४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
नमस्कार.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. हे चौथं.

चाकं आली तो गुरुवार होता. मी ती सायकलवर चढवली. आरोही एक फेरी मारून आली आणि म्हणाली की ब्रेक जोरात दाबला की जळका वास येतो आणि मुठी थरथरतात. जुन्या पद्धतीत ब्रेकची रबरं थेट रिंगेलाच धरतात. कार्बन तापलं की काय होतं ते मी वाचलं होतं, अर्धवट. मी तिला सांगितलं की कार्बनला सुरुवातीला तसा वास येतोच. येतो की नाही मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेही मी बोललो नाही. माल स्वस्तात मिळवला म्हणून मी स्वतःवर खूश होतो आणि ती खुशी मला मोडायची नव्हती.

तिचं म्हणणं मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायला हवं होतं. कारखान्यात ऑपरेटर नुसता म्हणाला की पार्ट हाताला बरा लागत नाही, तर मी अख्खा लॉट अडवतो. चोवीस वर्षं अडवलाय. घरी मी ‘ठीक’ लिहिलं आणि ती क्लासला गेल्यावर तिची सहीसुद्धा मीच केली. कागद पुरा व्हावा म्हणून. अकरा दिवसांनी ती घाटात पडली. उतारावर रिंग तापली, ट्यूब फुटली आणि चाक बसलं. मी मागे जीपमध्ये होतो. मी पाहिलं.

दवाखान्यात ती शुद्धीवर होती. तिने मला एकच विचारलं, सायकलला फार लागलं का. तेव्हापासून मला तिच्याकडे बघून चाकांबद्दल बोलता येत नाही. तोंड उघडलं की तो वास येतो.

आता तू ओळखलंच आहेस. मला जोडी सापडत नाही असं नाही. निदान तीन उत्तम आहेत. माझी सही होत नाही. जी जोडी मी पास करीन तिच्यावर बसून ती तोच घाट उतरणार आहे.

म्हणून एक विनंती. शेवटच्या तीन जोड्यांचा तक्ता सोबत पाठवलाय. तू कुठल्याही एकीपुढे सही कर. वापरणाऱ्याच्या चौकटीत कर, नाहीतर समासात कर. दुसऱ्या कुणाची तरी सही असली तर माझा हात चालेल.

तुझा अपराधी,
योगेश


॥ श्री ॥

घोटी,
८ नोव्हेंबर २०२५

चि. योगेश यास,
अ. उ. आ. (सगळे परत दिलेत, मोजून घे.)

तुझं पत्र वाचून मी देवघरापाशी जाऊन बसले आणि रडले. रडून झाल्यावर शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला. अरे, गेल्या वर्षी पोरीच्या जागी तू सही केलीस म्हणून वर्षभर जळतोयस, आणि यंदा तीच सही माझ्याकडून करून मागतोस? चूक तीच, फक्त हात बदलला. तू कारखान्यात लोकांचा माल तपासतोस हे ऐकून मला आता त्या लोकांची काळजी वाटते.

मी सही करणार नाही. मी सायकलवर शेवटची बसले ती अण्णांच्या, पुढच्या दांड्यावर, १९६७ साली.

तुझा कागद तुला परतही पाठवत नाही. तो मी आरोहीच्या नावाने पोस्टात टाकलाय, वेगळ्या पाकिटात, रजिस्टर करून. तुझ्याच घरी येईल. पोस्टमन तिची सही घेतल्याशिवाय तो देणार नाही. निदान ती सही तरी खरी होईल. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. ते सांगायचं काम तुझं.

नवे इंद्रायणी तांदूळ निघाले. दहा किलो पाठवतेय. वजन करून बघू नकोस.

रागावलेली आणि तरीही तुझीच,
अक्का


नाशिक,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. पप्पांस,
आरोहीचा नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहिणं विचित्र वाटतंय, पण आजोबांचा नियम आहे असं आत्या म्हणते. हे तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. जेवणाच्या सुट्टीत वाचा, मशीनजवळ नको.

आत्याचं पाकीट मिळालं. तक्ता वाचला. चांगला केलाय. पण त्या तीन जोड्यांत तुम्ही जी धरलेली नाही तीच जोडी मला हवी आहे. तेवीस ग्रॅम जास्त भरली म्हणून नाकारलेली, पस्तीसची.

कारण सांगते. मी गेले दीड महिना प्रॅक्टिस करतेय, रोशनीच्या, म्हणजे आपल्या जुन्या चाकांवर. ओरडायचं असेल तर संध्याकाळी ओरडा, मम्मीवर नको. आणि परवा ललितकाकांनी मला दोन जोड्या एकेक तास लावून दिल्या. पन्नासची मी धरणापलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर चालवली. वारा आला की हँडल हातातून ओढतं, घाटात मला ते नको. पस्तीसची ओढत नाही. ब्रेक सरळ लागतो, वास नाही, थरथर नाही. मी तीनदा मुद्दाम जोरात दाबून पाहिला. तेवीस ग्रॅम मी अर्धं केळं कमी खाऊन भरून काढीन.

तक्त्यात त्या जोडीची ओळ मी हाताने लिहिलीय आणि वापरणाऱ्याच्या चौकटीत सही केलीय. माझीच आहे, पडताळून बघा.

पप्पा, गेल्या वर्षीचा कागद मी पाहिला होता. दवाखान्यातून आल्यावर विम्यासाठी फाइल चाळली तेव्हाच. मला राग आला, खूप आला. मी वास येतो म्हणाले होते आणि तुम्ही ‘ठीक’ लिहिलंत. मी वाट बघत होते की तुम्ही बोलाल. अकरा महिने झाले. तुम्ही चुकलात त्यापेक्षा तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत ते मला जास्त लागलं.

अर्जाची मुदत २० तारखेला संपते. चाकं नसली तरी चालेल, रोशनी चाचणीच्या दिवशी तिच्या भावाची जोडी द्यायला तयार आहे. पण पालकाची सही मला दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

भांडणाची वाट बघत,
तुमची आरोही


॥ श्री ॥

नाशिक,
१ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तांदूळ पोचले. दहा किलो आणि वर दोनशे चाळीस ग्रॅम भरले. काटा समोरच होता.

आरोहीचं पत्र मी कँटीनमध्ये वाचलं. नंतर हात धुवायच्या नळापाशी बराच वेळ उभा राहिलो. संध्याकाळी घरी येऊन तिला सगळं सांगितलं, म्हणजे तिला माहीत होतं तेच पुन्हा सांगितलं. ती ऐकत राहिली. मग आम्ही टायरमध्ये हवा किती असावी यावरून भांडलो आणि सविता ताट घेऊन हॉलमध्ये गेली. जाताना हसत होती.

१९ तारखेला अर्जावर सही केली. त्याच दिवशी ललितशेठकडून तेवीस ग्रॅम जास्तवाली जोडी आणली. त्याने चहा पाजला. काटा मी घरी ठेवला होता, हे मुद्दाम लिहितो.

काल चाचणी झाली. मी ठरवलं होतं की ती पडली होती त्या वळणावर जाऊन उभं राहायचं. आरोहीने साफ नाही म्हटलं. वळणावर मी दिसलो तर ती माझ्याकडे बघेल आणि रस्त्याकडे बघणार नाही, असं तिचं म्हणणं. मी शेवटच्या रेषेपाशी थांबायचं. अक्का, रेषा त्र्यंबकला, घाट पुढे. उतार दिसत नाही, वळण दिसत नाही, काहीच दिसत नाही. ती निघून गेली आणि मी सत्तावन्न मिनिटं तिथे उभा होतो. चोवीस वर्षांत डोळ्यांनी न बघता मी काही पास केलं नव्हतं. रोशनीच्या वडिलांनी मला शेंगदाणे दिले. मी ते मुठीत धरून ठेवले. नंतर बघितलं तर भुगा झाला होता.

मुली येऊ लागल्या. पहिली मालेगावची कुणी. दुसरी रोशनी. होय, आपल्याच जुन्या, जड, मी विकलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर. दाजींना एवढं सांगू नकोस, ते वर्षभर म्हशीचं नाव काढतील. मग तिसरी आली. मग बराच वेळ कुणी नाही.

चौथी आरोही होती. निवड झाली. ती सायकलवरून उतरली, मला शोधत आली आणि मी तोंड उघडायच्या आत तिने पुढचं चाक उचलून माझ्या नाकापुढे धरलं. मी वास घेतला. नुसता धुळीचा होता. मग मला रडू आलं, तिथेच, सगळ्यांसमोर. तिने मला रडू दिलं.

रात्री जेवण झाल्यावर तिने मला फाइल मागितली. मला वाटलं नव्या चाकांचा शेरा लिहायचा असेल. तिने मागच्या कप्प्यातून गेल्या वर्षीचा कागद काढला. माझ्या हातची ‘आरोही’ एक रेघ मारून खोडली, खाली स्वतःची सही केली, ‘ठीक’ खोडून ‘नाकारले, ब्रेकला वास येतो’ असं लिहिलं आणि तारीख घातली. मग पेन माझ्यापुढे धरलं. आमच्याकडे शेरा बदलला तर तपासणाऱ्याने पुन्हा सही करायची पद्धत आहे, हे तिला कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही.

मी सही केली. त्या कागदावर आता दोन माणसांच्या दोन सह्या आहेत.

राज्य स्पर्धा जानेवारीत आहे. टायर बदलायचे म्हणते. मी अजून यादी केलेली नाही. तुझे आशीर्वाद आणि तुझा ओरडा, दोन्ही असेच येत राहू देत.

तुझा,
योगेश